कवडी जिवंत असते तेव्हा

श्रोतेहो, पोळ्याच्या दिवशी बैलाच्या गळ्यात जो कवड्यांचा पट्टा आपण बांधतो, तो यंदा बांधण्याआधी जरा हातात घेऊन पाहा. पट्टा नसेल तर तुळजाभवानीच्या नावाने जोगवा मागणाऱ्या आराध्याच्या गळ्यातली माळ पाहा, किंवा दिग्रस-पुसदकडच्या एखाद्या तांड्यावर गेलात तर घागरीखालच्या चुंबळीला टाकलेल्या कवड्या पाहा. घरात आजी असेल तर तिच्या सारीपाटाच्या पिशवीतही पाच-सात सापडतील. ही वस्तू आपल्या इतक्या परिचयाची आहे, की ती कुठून आली हे विचारण्याचे आपल्याला कधी सुचतच नाही. आपल्या यवतमाळ जिल्ह्यात ना समुद्र ना बेट. पऱ्हाटी आहे, तूर आहे, सागाचे जंगल आहे, पैनगंगा आणि वर्धा आहेत. आणि तरीही घरोघर समुद्रातला हा प्राणी आहे.

होय, प्राणी. कवडी म्हणजे दगड नव्हे, बी नव्हे. गोगलगाईच्या जातीच्या एका जिवाचे ते घर आहे. तो जीव उष्ण समुद्रातल्या उथळ पाण्यात, प्रवाळाच्या खडकांच्या आश्रयाने राहतो आणि खडकावरचे शेवाळ खरवडून खातो. आपण पाहतो ते त्याचे रिकामे घर. मी इतिहास शिकवणारा माणूस. कवडीचा इतिहास वर्गात सांगून सांगून मला पाठ झाला होता. पण जिवंत कवडी पाहायला मला वयाची पन्नाशी उलटावी लागली. आजचे भाषण त्याबद्दल आहे. पण आधी थोडा इतिहास सांगतो, कारण त्यावाचून त्या पाहण्यातली मौज कळायची नाही.

हिंदी महासागरात, केरळच्या नैर्ऋत्येला, मालदीव नावाची बेटे आहेत. उत्तरेला त्यांचीच भावंडे म्हणजे आपले लक्षद्वीप. जगभर पैसा म्हणून जी पिवळसर लहान कवडी फिरली, तिचा मोठा साठा या बेटांतून निघाला. अल्-बिरुनीने सुमारे 1030 साली हिंदुस्थानावर ग्रंथ लिहिला, त्यात तो या बेटांचे दोन भाग करतो. एकाला म्हणतो ‘दीवा कुढा’, म्हणजे कवड्यांची बेटे, आणि दुसऱ्याला ‘दीवा कन्बार’, म्हणजे काथ्याची बेटे. कवड्या गोळा करण्याची रीतही त्याने नोंदवली आहे: नारळीच्या फांद्या समुद्रात रोवून ठेवायच्या, कवडीचे जीव त्यांना येऊन चिकटतात. पुढे इब्न बतूता 1343 च्या सुमारास मालदीवला गेला आणि तिथे काझी होऊन राहिला. तो सांगतो की, हे जीव समुद्रातून काढून खड्ड्यात पुरतात. आतले मांस नाहीसे झाले की पांढरे कवच उरते. सोन्याच्या एका दिनाराला चार लाख कवड्या, आणि कधी भाव पडला तर बारा लाख! कवडीमोल हा शब्द आपण सहज वापरतो. त्याचा उगमाजवळचा हिशेब हा असा होता.

आता शिक्षकबंधू-भगिनींनी हे विशेष ध्यानात घ्यावे. आपल्या सह्याद्रीच्या कुशीतले भास्कराचार्य यांनी 1150 साली ‘लीलावती’ रचली. तिच्या आरंभी जे नाण्यांचे कोष्टक आहे, त्यातले सर्वांत लहान नाणे आहे वराटक. वराटक म्हणजेच कवडी. वीस कवड्यांची एक काकिणी, चार काकिणींचा एक पण, सोळा पणांचा एक द्रम्म, आणि सोळा द्रम्मांचा एक निष्क. गुणाकार करून पाहा: एका द्रम्माला 1280 कवड्या. आणि गंमत अशी की, बंगालात कंपनी सरकारच्या काळापर्यंत चार कवड्यांचा गंडा, वीस गंड्यांचा पण आणि सोळा पणांचा काहन चालत असे. त्याचाही गुणाकार 1280 च येतो. साडेसहाशे वर्षांच्या अंतराने, देशाच्या दोन टोकांना, हिशेब तोच. समुद्रातल्या एका गोगलगाईने आपल्या पोरांना पाढे शिकवले म्हणाना!

बेटावरून ती देशावर कशी आली? गलबतांनी बंदरापर्यंत, आणि पुढे बैलांच्या पाठीवरून. लमाणांचे तांडे मीठ आणि धान्य वाहत देशभर हिंडत. ‘लवण’ म्हणजे मीठ, त्यावरून लमाण हे नाव आले असे सांगतात. बंदराजवळच्या मिठागरांपासून आतल्या बाजारपेठांपर्यंत बैलांचा हा रस्ता होता, आणि त्या रस्त्याने कवडीही चालली. तांड्यावरच्या बायांच्या कापडांवर आज जी कवडी दिसते, तिच्यात ही वाट शिवलेली आहे.

या व्यापाराची एक काळी बाजू आहे, ती मी वर्गात टाळत नाही. सतराव्या-अठराव्या शतकात डच आणि इंग्रज व्यापाऱ्यांनी हीच मालदीवची कवडी जहाजे भरभरून युरोपात नेली आणि तिथून आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर. तिथे कवडी हे चलन होते. त्या चलनाने त्यांनी माणसे विकत घेतली आणि गुलाम म्हणून अमेरिकेत नेली. आपल्याकडेही कवडीपायी रक्त सांडले. ओडिशात कंपनी सरकारने कवडीऐवजी चांदीच्या रुपयांत सारा मागायला सुरुवात केली, शेतकऱ्याने रुपया आणायचा कुठून? 1817 साली तिथे पाइकांचे बंड झाले, त्याच्या कारणांत हेही एक कारण होते.

एवढे सगळे झाले. लाखो लोकांनी कवडी मोजली, माळेत ओवली, देवीला वाहिली. पण ती जिवंत पाहिली किती जणांनी? मालदीवच्या आणि किनाऱ्यावरच्या कोळ्यांनी. बाकीच्यांनी तिचे कवचच पाहिले.

पंडितांचेही पुष्कळ दिवस तेच झाले. स्वीडनच्या लिनीअसने 1758 मध्ये या कवडीला शास्त्रीय नाव दिले, त्यात ‘मोनेटा’ म्हणजे नाणे हा शब्द घातला. प्राण्याचे नाव ठेवले तेही पैशावरून! माशांची कथा याहून वेगळी नाही. फ्रान्सिस डे नावाचा मद्रासच्या लष्करातला एक डॉक्टर होता. त्याने ‘फिशेस ऑफ इंडिया’ हा प्रचंड ग्रंथ 1875 ते 1878 या काळात छापला. तेराशेहून अधिक जाती त्यात आहेत. काम डोंगराएवढे. पण त्या काळी मासा पाहायचा म्हणजे जाळ्यातून किंवा बाजारातून आलेला पाहायचा. रंगीत मासा मेला की घटका-दोन घटकांत त्याचा रंग उतरतो. पाण्याखाली त्याचा दिवस कसा जातो, तो कोणाशी भांडतो, कोणाला भितो, हे मेलेल्या माशाने सांगावे कसे?

पाण्यात उतरून पाहणारे थोडे होते. चार्ल्स डार्विन 1836 च्या एप्रिलमध्ये कीलिंग बेटावर उतरला आणि तिथल्या उथळ पाण्यात हिंडून त्याने प्रवाळ पाहिले. प्रवाळाचे एवढेसे किडे अख्खी बेटे कशी उभारतात, यावर त्याने 1842 मध्ये पुस्तक लिहिले. मालदीवला तो गेला नव्हता. तिथली माहिती त्याने घेतली ती कॅप्टन रॉबर्ट मोर्सबीच्या नकाशांवरून, आणि हा मोर्सबी होता मुंबईहून चालणाऱ्या कंपनीच्या आरमारातला. 1834 ते 1836 या काळात त्याने मालदीवची मोजणी केली. कवड्यांच्या बेटांचा नकाशा मुंबईच्या आरमाराने काढला आणि त्यावर जगातला एक मोठा सिद्धान्त उभा राहिला, ही गोष्ट आपल्या पाठ्यपुस्तकात यायला हरकत नाही.

सामान्य मराठी माणसाला जिवंत रंगीत मासा पाहायला मिळाला तो 1951 साली, मुंबईला मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालय उघडले तेव्हा. राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद उद्घाटनाला आले होते. आमच्या वडिलांनी तरुणपणी ते पाहिले होते आणि काचेमागचा मासा माणसाकडे पाहतो असे ते गावात सांगत. गावाला ते खोटे वाटे.

आता मालवणकडे येऊ.

आम्ही काही शिक्षक मिळून पौषात निघालो. यवतमाळहून मालवण म्हणजे आठशे किलोमीटरांच्या आसपासचा प्रवास. नांदेड, लातूर, सोलापूर, कोल्हापूर करीत, गाड्या बदलत, अंग आंबून गेले. मालवणच्या धक्क्यावर उभे राहिले की समोर पाण्यात सिंधुदुर्ग दिसतो. कुरटे नावाच्या अठ्ठेचाळीस एकरांच्या बेटावर शिवाजी महाराजांनी 1664 च्या नोव्हेंबरात या किल्ल्याचे काम सुरू करविले, आणि तीन वर्षे ते चालले. आपण किल्ल्याचा तट पाहतो. पण होडीवाल्याने आम्हाला तटाआधी पाणी दाखवले. किल्ल्याच्या भोवती पाण्याखाली खडक पसरलेले आहेत. वाट माहीत नसलेले जहाज त्यांवर फुटते. महाराजांच्या लोकांनी ही जागा निवडली ती या खडकांसाठीसुद्धा. आणि ते खडक दाखवणारे इथले कोळी-गाबीत लोकच असणार, दुसरे कोण? बुडालेला खडक त्यावरून रोज होडी नेणाऱ्यालाच कळतो.

त्याच खडकांवर प्रवाळ आहे. महाराष्ट्राच्या किनाऱ्याला जिवंत प्रवाळ आहे ही गोष्ट शास्त्रज्ञांनी रीतसर नोंदवली ती अलीकडे, 1970 नंतरच्या दशकात. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी. 1987 साली सरकारने इथे सागरी अभयारण्य जाहीर केले, 29.12 चौरस किलोमीटरांचे. मासेमार बिथरले. वडिलोपार्जित मासेमारीची जागा एका कागदाने बंद होणार, ही भीती त्यांना वाटली. त्यांचा विरोध मला चुकीचा वाटत नाही. टिपेश्वरच्या आसपासच्या गावकऱ्याला विचारा, अभयारण्य शब्दाने छातीत काय होते ते. पण बाहेरच्या मोठ्या यांत्रिक नौका येऊन सगळे उपसून नेऊ लागल्या, तेव्हा प्रवाळाचा खडक हाच माशांच्या पिलांचा पाळणा आहे, हेही त्याच मासेमारांना इतरांआधी कळत होते. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि त्यांचा मेळ अजून पुरता बसलेला नाही.

समुद्र कधी पाहायचा, याचा कोकणातला हिशेब शिक्षकांनी फळ्यावर जरूर मांडावा. तिथीला पाऊणने गुणायचे, भरतीची वेळ निघते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. भरतीच्या सहा तास आधी आणि सहा तास नंतर ओहोटी. हिशेब ढोबळ आहे, पण पंचांगावर चालतो. आम्ही गेलो ती वद्य द्वितीया होती: दोन गुणिले पाऊण, दीड. भरती दुपारी दीडला, म्हणजे ओहोटी सकाळी साडेसातला. पुनवेच्या लगतचे दिवस असल्याने पाणी खूप मागे हटले होते.

खडकांच्या उथळ डबक्यांतून होडीवाला आम्हाला नेत होता. पाय शेवाळावर टाकू नका, प्रवाळावर तर मुळीच टाकू नका, असे तो दर दहा पावलांनी बजावी. एका जागी तो वाकला, एक दगड हळूच कलता केला आणि म्हणाला, “मास्तर, ह्या बघा.”

मला काहीच दिसले नाही. करड्या रंगाचा, बारीक बोंडे उठलेला, मऊ कातडीचा एक गोळा दगडाला चिकटलेला होता. त्याने बोटाने पाण्याला जरासा हेलकावा दिला. त्याबरोबर ती कातडी दोन्ही बाजूंनी आत सरकली, जशी कोणी गोधडी अंगावरून काढावी, आणि आतून लखलखीत, तपकिरी नक्षीची पाठ उघडी झाली. कवडी! पैशाच्या कवडीची थोरली बहीण म्हणा. जात वेगळी, घराणे एकच. कवडीची पाठ इतकी गुळगुळीत का, हा प्रश्न मला मुलांनी अनेकदा विचारला होता आणि मी दर वेळी लाटांनी घासून, असे ठोकून दिले होते. साफ चूक. तो जीव आपल्या घरावर आपलीच कातडी पांघरून बसतो आणि तीच कातडी आतून थरावर थर चढवत पाठीला झिलई देते. इतकी वर्षे मी पोरांना खोटे शिकवले.

होडीवाल्याने दगड पुन्हा होता तसाच, खालची बाजू खालीच येईल असा ठेवला. उलटा राहिला तर खालचे जीव उन्हाने मरतात आणि वरचे अंधाराने, असे तो म्हणाला.

मग आम्ही होडीतून खोल पाण्याकडे गेलो. अंगात तरंगते जाकीट, डोळ्यांवर काच, तोंडात श्वासाची नळी. मला पोहता येत नाही, हे मी इथे कबूल करतो. तोंड पाण्यात घालताना छाती धडधडत होती. पण एकदा डोळे उघडले आणि सारे विसरलो. खाली पत्ताकोबीची पाने एकावर एक उमलावीत तसे प्रवाळाचे थर, मध्ये गोलसर डोके वर काढलेले दुसऱ्या जातीचे दगडी गोटे. त्यांच्यावरून पिवळसर अंगाच्या, पाच काळ्या पट्ट्यांच्या माशांचा थवा. ते आम्हाला भीत नव्हते. उलट काचेपाशी येऊन डोकावत. वडिलांचे म्हणणे आठवले. एक चपटा, फुलपाखरासारखा मासा जोडीने हिंडत होता आणि चोचीसारखे तोंड फटीत घालून काही टिपत होता. कपारीत एक गोबरा, जबडा उघडझाप करीत, घरचा मालक असल्यासारखा. आणि जेमतेम बोटाएवढा एक काळसर मासा आपल्या हातभर शेवाळाच्या वावरावरून त्याच्या चौपट मोठ्या माशाला हुसकून लावत होता. बांधावरून भांडणारे आपणच आहोत असे नाही.

प्रवाळाचा किडा आपल्या अंगात सूक्ष्म वनस्पती पाळतो. ती उन्हावर अन्न करते आणि त्याला पोसते, त्याचा रंगही बराचसा तिच्यामुळे. समुद्राचे पाणी फार तापले की ती वनस्पती त्याला सोडून जाते आणि प्रवाळ फुटलेल्या बोंडासारखा पांढराफटक पडतो. पाणी लवकर निवले नाही तर तो मरतो. कवड्यांच्या बेटांवर हे 1998 साली मोठ्या प्रमाणावर झाले. लक्षद्वीपला 2010, 2016 आणि 2024 मध्ये पुन्हा झाले. दोन तापांमध्ये सावरायला वेळ मिळत नाही. शेतकऱ्याला हे समजावून सांगण्याची गरज नाही. लागोपाठच्या दोन नापिकी म्हणजे काय, ते त्याला ठाऊक आहे.

तापलेल्या पाण्याचे उत्तर एकट्या मालवणच्या हाती नाही. पण नांगर प्रवाळावर टाकणे, त्यावर उभे राहून फोटो काढणे आणि किनाऱ्यावरच्या दुकानातून प्रवाळाचा तुकडा विकत घेणे, हे आपल्यासारख्या पाहुण्यांचे काम आहे. मीही त्यातलाच. तरुणपणी एका किनाऱ्यावरून असा एक पांढरा तुकडा मी घेतला होता आणि तो अनेक वर्षे आमच्या शाळेच्या कपाटात ‘समुद्री फूल’ अशी चिठ्ठी लावून ठेवला होता. दगडी प्रवाळाला 2001 पासून वन्यजीव कायद्याने वाघाच्या बरोबरीचे, पहिल्या अनुसूचीतले, संरक्षण आहे. तुकडा अजून कपाटात आहे. चिठ्ठी मी बदलली आणि तिच्यावर तो कसा आला तेही लिहिले.

परत आल्यावर एक गोष्ट वर्गात केली. वणीकडे, राजूरच्या बाजूला, जी चुनखडी निघते, तिचा एक खडा आणला. हा दगड सुमारे शंभर कोटी वर्षांपूर्वी समुद्राच्या तळाशी साठलेला आहे. होय, आपल्या जिल्ह्यात समुद्र होता; पण तेव्हा जगात मासा नव्हता, प्रवाळ नव्हते आणि कवडीही नव्हती. त्या खड्यावर लिंबाचा रस पिळला, फेस आला. मग पोळ्याच्या पट्ट्यातून गळलेल्या एका फुटक्या कवडीवर पिळला. तिच्यावरही तसाच फेस आला. चुना तोच.

मुले कवडी हातात घेऊन उलटीपालटी करू लागली. तांड्यावरून येणाऱ्या एका मुलीने विचारले, “सर, हिचं तोंड कोणत्या बाजूला?” या वेळी मला उत्तर ठाऊक होते. दातेरी फट खाली धरायची. जे टोक निमुळते, ते पुढचे. तिने आपल्या बाहीवरची एक कवडी निरखून पाहिली आणि म्हणाली, “मग आईनं ही उलटी शिवली.”